मधाशिवाय न्याहारी: वेंगुर्ल्यातल्या एका घरातला काजूच्या बोंडांचा पाक

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, वाडीत हे घर आहे. घरात काका, काकू, मुलगा आणि सून. पुढच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी निवास आणि न्याहारी या पद्धतीने देतात. मागे काजूची बाग, कडेला माड आणि चार-दोन अननसाचे वाफे. आंबोली घाट उतरून येणारे कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडचे पाहुणे जास्त, आणि त्यात जैन कुटुंबं बरीच. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी, सोबत नारळाचा गोड रस. सकाळी उठल्याउठल्या ज्याला हवं त्याला कोमट पाण्यात लिंबू आणि मध. मधाची बाटली काकूंनी आवडीने टेबलावर ठेवलेली होती.

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या एका कुटुंबातल्या आजींनी ती बाटली बघून लिंबूपाण्याचा पेलाच बाजूला सारला. "आमच्यात मध चालत नाही," एवढंच म्हणाल्या. दिगंबर जैन श्रावकाचे, म्हणजे गृहस्थाचे, जे आठ मूलगुण मानले जातात त्यात मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आहे, आणि पाच उदुंबर फळांचाही (वड, पिंपळ, उंबर वगैरेंची फळं). मध टाळणं हा त्या घरांत आवडीनिवडीचा प्रश्न नाही, व्रताचा आहे. नंतर पुण्याहून आलेल्या दोन मुलींनीही मध नाकारला. त्या दूध-दहीही खात नव्हत्या. कारण वेगळं, गरज तीच.

मी फळप्रक्रियेचे घरगुती वर्ग घेते. सून माझ्या वर्गाला येऊन गेलेली, म्हणून तिचा फोन आला. "मधासारखं, पण मध नसलेलं, आणि आपल्याच स्वयंपाकघरात होईल असं काही आहे का?" दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या घरात जे झालं त्याची ही नोंद. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. मधाचा रंग आणि चव डोळ्यापुढे ठेवून नक्कल करायला गेलं की घरगुती प्रयत्न फसतात. मधाची घडण समजून घेतली की तेच काम साध्या कढईत होतं. आणि कोकणात त्यासाठी लागणारा कच्चा माल दर उन्हाळ्यात झाडाखाली पडून सडतो.

काकवी का नको?

हा पहिला प्रश्न कोणीही विचारेल, आणि रास्त आहे. काकवी शंभर टक्के उसाची, घावण्याबरोबर छान लागते, करायचीही कटकट नाही. काकूंनी ती ठेवलीही. पण कोल्हापूरच्या माणसाला काकवीचं अप्रूप ते काय! ती त्याच्या घरात बरणीभर असते. शिवाय काकवीत उसातले क्षार आणि गुळाचा दाट वास असतो. लिंबूपाण्यात ती घातली की पाणी मातकट दिसतं आणि गुळाच्या पन्ह्यासारखं लागतं. कापलेल्या पपईवर किंवा केळ्यावर तर ती फळाची चवच झाकून टाकते. पाहुण्यांना हवा होता हलका, किंचित आंबूस, फुलाफळाच्या वासाचा गोडवा.

माडाच्या नीरेचाही विचार झाला. नीरा आटवून सुरेख पाक होतो. पण माड छेदायला परवाना लागतो, रोज झाडावर चढणारा माणूस लागतो, आणि उन्हं वर आली की नीरा आंबायला लागते. दोन खोल्यांच्या व्यवसायाला ते झेपणारं नव्हतं.

सफरचंदाची जेली

सुनेने मला फोन करण्याआधी एक प्रयत्न करून पाहिला होता. मोबाईलवर बघून, सफरचंदाचा रस, साखर, लिंबू आणि कॅमोमाइलच्या फुलांचा चहा. परदेशात मधाला पर्याय म्हणून ही कृती बरीच केली जाते. चवीला पाक चांगला झाला. रात्री बाटलीत भरला आणि सकाळी बाटली उलटी केली तरी हलेना. चमच्याने खरवडून काढावा लागला. काकूंच्या मते तो बिघडला होता. खरं तर ती उत्तम जेली झाली होती.

सफरचंदात पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, आंबटपणा आणि साठ-पासष्ट टक्क्यांच्या पुढची साखर हे तिन्ही एकत्र आले की जेली धरते. सुनेने फोडी सालीसकट उकळून गाळल्या होत्या, त्यामुळे साल आणि गाभ्यातलं पेक्टिन सगळं रसात उतरलं. बाजारचा गाळीव रस वापरला असता तर जेली कदाचित झाली नसती, पण सिमला किंवा काश्मीरचं सफरचंद वेंगुर्ल्यात विकत आणून ते तासभर आटवायचं हेच मुळात जमाखर्चात बसत नव्हतं.

दुसरा प्रयत्न साध्या साखरेचा. एकतारी पाक करून, गॅस बंद केल्यावर वरून लिंबू पिळलं. चार दिवसांत बाटलीच्या तळाशी खडीसाखर. या दोन फसलेल्या बाटल्यांनी पुढचं सगळं काम सोपं केलं, कारण नेमकं काय कमी पडलं ते दोन्हीत उघड दिसत होतं.

मधात असतं काय

मधमाशी फुलातून आणते तो मकरंद पातळ असतो, आणि त्यात बरीचशी आपल्या साखरेसारखीच साखर असते, म्हणजे सुक्रोज. माशी तिच्या लाळेतल्या विकराने (एन्झाइमने) त्या सुक्रोजचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मग पंखांनी वारा घालून पाणी उडवते. तयार मधात फ्रुक्टोज साधारण 38 टक्के, ग्लुकोज 31 टक्के आणि पाणी 17 ते 18 टक्के असतं. आपल्याकडच्या अन्नमानकांत मधातल्या ओलाव्याची वरची मर्यादा 20 टक्के आहे. शिवाय मध आंबट असतो. जिभेला पटकन कळत नाही, पण त्याचा सामू (पीएच) 3.9 च्या आसपास, म्हणजे बऱ्याच फळांच्या रसांइतका.

आता खडीसाखर का झाली ते बघा. साध्या तापमानाला 100 ग्रॅम पाण्यात जेमतेम 200 ग्रॅम साखर विरघळून राहते. म्हणजे नुसत्या साखरेचा पाक दोन तृतीयांशाच्या पुढे दाट केला की जादाची साखर आज ना उद्या स्फटिक होऊन खाली बसणारच. मध तर 80 टक्क्यांच्या पुढे दाट असतो. तो पातळ राहतो कारण त्यातली साखर एका जातीची नसते. वेगवेगळ्या साखरा एकमेकींना स्फटिक धरू देत नाहीत.

माशी विकराने करते ते काम आपण आम्ल आणि उष्णता वापरून करू शकतो. साखरेच्या पाकात आंबट पदार्थ घालून तो बराच वेळ मंद उकळला की सुक्रोज फुटतो. वेळ हाच यातला महत्त्वाचा भाग. लिंबू शेवटी पिळलं तर चव येते, साखर फुटत नाही. सुनेच्या दुसऱ्या बाटलीत हेच झालं होतं.

म्हणजे आम्हाला फळ असं हवं होतं की ज्यात पेक्टिन कमी, स्वतःची साखर चांगली, आणि ती साखर आधीच ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या रूपात. मार्च उजाडला तसं ते फळ दाराशीच होतं.

बोंडं

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू गोव्याच्या किनाऱ्यावर आणला आणि तो वर कोकणात पसरला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जाती आज बागाबागांतून आहेत. या घरच्या बागेत वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 दोन्ही. बोंड म्हणजे काजूच्या बीला लागून असलेलं रसाळ फळ. पहिल्याचं लाल, दुसऱ्याचं पिवळं. बोंडाचं वजन बीच्या निदान पाच-सहापट. गोव्यात त्याची फेणी होते. आपल्या बाजूला बी पिळून काढतात आणि बोंड तिथेच टाकतात. गुरं थोडी खातात, बाकीचं माश्या-चिलटांचं. काकांना मी पहिल्यांदा बोंडांबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बोंडां झाडाखाली कुसतत, आणि आमी सफरचंदां इकत हाडतंव."

बोंडाच्या रसात साखर 10 ते 12 टक्के, आणि ती जवळजवळ सगळी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पेक्टिन इतकं कमी की जेली धरायची भीती नाही. पिकल्या बोंडाचा वास तर असा की बागेत शिरण्याआधी रस्त्यावरूनच कळतो. दोष एकच, पण मोठा. टॅनिन. त्यानेच घसा खवखवतो, जीभ आकसते, आणि म्हणूनच लोक बोंड चावून थुंकून टाकतात.

गोळा करण्याची शिस्त काकूंनी ठरवली आणि ती कडक पाळली. बी गोळा करताना रात्रभर पडलेली बोंडंही उचलण्याचा मोह होतो, पण पडलेलं बोंड फुटतं, फुटलेल्यातून रस येतो आणि उन्हं चढेपर्यंत आंबायला लागतं. म्हणून पहाटे हाताने हलवून पडतील ती, किंवा खाली जाळं धरून झेललेली. बी पिरगळून काढताना बोंडाला बीच्या बाजूला तेल लागतं. काजूच्या टरफलातलं हे तेल कातडीला फोड आणतं, ओठांना तर फारच. म्हणून बी काढल्यावर बोंडाचा बीच्या बाजूचा पातळ काप सुरीने काढून टाकायचा, बोंडं दोनदा धुवायची, आणि बी काढणारे हात रसात घालायचे नाहीत. ते काम मुलाचं, रस काढायचं काम सुनेचं. असं वाटून घेतल्यावर त्रास झाला नाही.

रस काढायला लोखंडी काही वापरायचं नाही. टॅनिन आणि लोखंड भेटले की रस काळा पडतो. विळीवर चिरलेली पहिली खेप शाईसारखी झाली होती. नंतर स्टीलची सुरी, स्टीलचं पातेलं, आणि फोडी पंच्यात बांधून पिळणं. साडेतीन किलो बोंडांतून गाळून दोन लिटरच्या आसपास रस मिळतो.

पेज

टॅनिन काढायचं कसं, हा या प्रकरणाचा गाभा. बोंडाचा रस निवळायला जिलेटिन वापरता येतं. ते प्रथिन टॅनिनला चिकटतं आणि तळाशी बसतं. पण जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. मध टाळण्यासाठी चाललेल्या खटाटोपात ते घालणं म्हणजे सगळ्यावर पाणी. दुसरा प्रचलित मार्ग साबुदाण्याच्या खळीचा. तोही चांगला काम देतो. पण साबुदाणा टॅपिओकाच्या कंदाचा, आणि जी जैन घरं कंदमूळ खात नाहीत त्यांतली काही साबुदाणाही वर्ज्य मानतात. पाहुण्यांना काय सांगणार, "मध नाही, पण कंद आहे"?

उरला तिसरा मार्ग, आणि तो कोकणातल्या प्रत्येक घरात रोज सकाळी शिजतो. भाताची पेज. तांदळातला स्टार्च टॅनिनला धरतो आणि दोन्ही एकत्र खाली बसतात. काकूंनी उकड्या तांदळाची पेज मिठाशिवाय केली, गाळली, पूर्ण गार होऊ दिली. एक लिटर रसाला अर्धी वाटीहून थोडी जास्त. गरम पेज घातली तर रस शिजल्यासारखा होतो आणि गाळ बसत नाही, म्हणून गार झाल्याची खात्री हवीच.

पेज घातल्यावरचं दृश्य मी काचेच्या बरणीत मुद्दाम बघितलं. रस आधी दुधाळ होतो. थोड्या वेळात त्यात फाटल्यासारखे कण दिसायला लागतात, मग कणांचे पुंजके होतात, आणि पुंजके हळूहळू खाली सरकून तळाशी बोटभर जाड पांढुरका थर होतो. वर उरतो फिकट पिवळा, जवळजवळ पारदर्शक रस. वरचा रस न ढवळता ओतून घ्यायचा, मलमलीतून गाळायचा. खवखव बहुतेक गेलेली असते.

बहुतेक म्हणते, कारण सगळी घालवायची नाही. दुसऱ्या खेपेला सुनेने पेज दुप्पट घालून रस अगदी निवळशंख केला. पाक झाला तो गोड, पण सपाट. नुसता साखरेचा पाक. मध गिळल्यावर घशाशी जी एक बारीक चुणचुण राहते ती मधाची ओळख आहे. बोंडाच्या रसात थोडं टॅनिन राहू दिलं तर तीच चुणचुण येते. मला हा या सगळ्या प्रयोगातला सर्वांत मोलाचा शोध वाटतो. ज्याला आपण दोष समजून काढायला निघालो होतो, त्याच्या एका अंशाने पाकाला मधाजवळ नेलं. काकूंनी मोजमाप ठरवलं ते यावरूनच. पेज घातलेला रस चमचाभर चाखायचा. जीभ आकसत नाही पण कडेला किंचित जाणवतं, इथे थांबायचं.

आणखी एक अट जैन पाहुण्यांमुळे आली आणि ती सर्वांच्याच फायद्याची ठरली. रात्रभर ठेवलेला रस नको. रात्रभरात तो थोडा का होईना आंबतो, आणि आंबलेलं मद्याच्या बाजूला जातं. म्हणून पहाटे बोंडं, सकाळी रस, पेज घालून दोन-तीन तास फ्रिजमध्ये, दुपारी चुलीवर, आणि सूर्य मावळायच्या आत बाटल्या भरलेल्या.

वजनकाटा

गृहिणींना पाकाची तार कळते, पण इथे तार फसवते. साखर फुटत गेली की तोच पाक गरम असताना पातळ दिसतो. बोटांमध्ये तार येईना म्हणून आणखी आटवला, आणि गार झाल्यावर चमचा अडकला, असं दोनदा झालं. तेव्हा मी काकूंना तार सोडून काटा वापरायला सांगितलं.

हिशेब सरळ आहे. दोन लिटर रस म्हणजे वजनाला साधारण 2,080 ग्रॅम. त्यात 12 टक्के साखर धरली तर 250 ग्रॅम. वरून 750 ग्रॅम साखर घातली. एकूण साखर 1,000 ग्रॅम. तयार पाकात साखर 80 टक्के हवी, म्हणजे पाकाचं वजन 1,250 ग्रॅम झालं की काम संपलं. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवायचं. शेवटाकडे पातेलं उतरवून काट्यावर ठेवायचं, पातेल्याचं वजन वजा करायचं. जास्त असेल तर परत आचेवर. 1,250 ला थांबलेला पाक गार झाल्यावर मधाइतकाच ओततो. त्याचं आकारमान नऊशे मिलीच्या थोडं आत भरतं, कारण दाट पाक पाण्यापेक्षा बराच जड. अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर बोंडं पाणचट होतात. मग रसातली साखर 10 टक्केच धरायची आणि पाक 1,200 पर्यंत न्यायचा.

साखर आणि दोन मोठ्या लिंबांचा गाळलेला रस अगदी सुरुवातीलाच घालायचा. इथून दीड किलोहून जास्त पाणी उडवायचं असतं, त्याला वेळ लागतोच, आणि तोच वेळ साखर फुटायला मिळतो. लिंबाऐवजी आमसूल घालून पाहिलं. साखर तशीच फुटली, चवही छान, पण पाक लालभडक झाला. सरबताला तो चालेल, मधाच्या जागी ठेवायला नाही.

दीड किलो पाणी गॅसवर उडवायचं तर माझ्या हिशेबाने पाव किलोच्या आतबाहेर गॅस जातो. हंगामभर ते परवडत नाही. खळ्यातली चूल आहे, काजूच्या छाटणीचं सरपण आहे, तेव्हा सुरुवातीचं आटवणं चुलीवर. पण शेवटचा भाग गॅसवरच. पाक दाट झाल्यावर धूर पटकन धरतो, आणि आच कमीजास्त झाली तर तळाला करपतो. पातेलं रुंद तोंडाचं घ्या. वरचा फेस सारखा काढत राहा, नाहीतर पाक गढूळ राहतो.

रंग आपोआप येतो. फिकट रस आटता आटता आधी पिवळा, मग मधासारखा तांबूस सोनेरी. त्यासाठी काही घालावं लागत नाही.

वासाबद्दल थोडं. कॅमोमाइल इथे मिळत नाही आणि लागतही नाही. सुनेच्या मनात सुरंगी होती, कारण तो वळेसरांचा, म्हणजे सुरंगीच्या गजऱ्यांचा, हंगाम आणि आरवलीकडे सुरंगीचा घमघमाट. मी नको म्हटलं. केसांत माळायचं फूल तासभर उकळून पोटात घालायचं तर ते खाण्याजोगं असल्याची पक्की खात्री हवी, आणि नुसता वास गोड आहे ही खात्री नव्हे. जायपत्रीची एक पाकळी शेवटच्या दहा मिनिटांत टाकून काढून घेतली. तेवढं पुरलं. खरं विचाराल तर बोंडाचा स्वतःचा वासच इतका आहे की काही नाही घातलं तरी चालतं.

पावसाळ्यात काय झालं

एप्रिल-मे छान गेला. पाहुण्यांनी लिंबूपाण्यात घेतला, घावण्यावर घेतला, पुण्याच्या मुलींसारख्या काहींनी बाटल्या मागितल्या. जुलैत सुनेने फोटो पाठवला. टेबलावरच्या बाटलीत पाकाच्या वरच्या कडेला फेसाचं कडं, आणि झाकण उघडताना फुस्स आवाज. वास फेणीच्या बाजूचा. कपाटातल्या बंद बाटल्या मात्र ठणठणीत.

फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतो, मधही ओढतो. कोकणात आषाढात हवा इतकी दमट असते की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. न्याहारीच्या टेबलावर अर्धवट झाकण लावलेली, रोज दहा वेळा उघडली जाणारी बाटली वरून पातळ होत गेली. खालचा पाक 80 टक्के असला तरी वरचा अंगुळभर थर यीस्टला जगण्याइतका सैल झाला. त्यात कोणीतरी ओला चमचा घातला असेल तर आणखीच सोपं. ती बाटली टाकून दिली. तेव्हापासून लहान बाटल्या, उकळत्या पाण्यातून काढून कडकडीत वाळवलेल्या, गरम पाकाने गळ्यापर्यंत भरलेल्या. टेबलावर एकच लहान बाटली, आणि पावसाळ्यात तीही रात्री फ्रिजमध्ये.

बाटलीवर काय लिहायचं

पाहुणे बाटल्या मागायला लागल्यावर मुलाने सुचवलं, "काजूचा मध" असं लेबल लावू. मी याला ठाम नकार दिला, आणि काकूंना ते लगेच पटलं. अन्नमानकांनुसार मध म्हणजे मधमाश्यांनी बनवलेलाच पदार्थ. साखरेच्या पाकाला मध म्हणून विकणं म्हणजे भेसळ, मग तो पाक कितीही प्रेमाने केलेला असो. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने बाजारातल्या 13 ब्रँडचे मध तपासून घेतले. सगळ्या चाचण्यांत फक्त तीन उतरले. बाकीच्यांत साखरेच्या पाकांची भेसळ असल्याचं संस्थेने जाहीर केलं. याच राज्यात महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून घोषित झालं, आणि तिथली घरं माश्या सांभाळून जगतात. आपल्या पाकाने त्यांच्या मधाचं नाव घेऊ नये.

या निमित्ताने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. घरोघरी मधाची परीक्षा करतात, पाण्याच्या पेल्यात थेंब टाकायचा आणि तो न विरघळता सरळ तळाशी गेला तर मध शुद्ध. काकूंचा बोंडांचा पाक या परीक्षेत पहिल्या नंबराने पास झाला. थेंब अखंड तळाशी जाऊन बसला. ही परीक्षा फक्त दाटपणा सांगते. जे जैन पाहुणे किंवा जे मधाचे गिऱ्हाईक तिच्यावर विसंबतात, त्यांना ती काहीही सांगत नाही.

लेबलावर शेवटी आलं: काजू बोंडांचा पाक. घटक: बोंडांचा रस, साखर, लिंबू, जायपत्री. तांदळाच्या पेजेने निवळलेला. मध नाही, जिलेटिन नाही, कंद नाही. विकायचा म्हणून अन्न सुरक्षेची नोंदणी सुनेच्या नावावर केली.

लेबलावर काय नाही हेही महत्त्वाचं. बोंडात क जीवनसत्त्व भरपूर असतं, पण ते ताज्या बोंडात. इतका वेळ आटवल्यावर त्याचा दावा करणं खोटं ठरेल. मधुमेहाच्या पाहुण्यांनी "हा तर फळाचा, मला चालेल ना?" असं बऱ्याचदा विचारलं. काकू आता न अडखळता सांगतात की नाही चालणार. यात ऐंशी टक्के साखर आहे, मधाइतकीच. लहान मुलांचंही तसंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत ते बॉट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंमुळे. हा पाक मध नाही म्हणून बाळाला चाटवावा असं एका आईला वाटलं होतं. दोन वर्षांच्या आत वरून साखर नकोच, तेव्हा हाही नको.

पुढच्या हंगामासाठी

बोंडं मेअखेर संपतात आणि दिवाळीच्या पाहुण्यांपर्यंत बाटल्या पुरत नाहीत. निवळलेला रस दोन-दोन लिटरच्या पिशव्यांत डीप फ्रीजरमध्ये ठेवून लागेल तसा आटवायचा, असं सुनेने ठरवलंय. वाफ्यातल्या अननसाचीही एक खेप करून झाली. अननसात टॅनिनचा त्रास नाही, म्हणून पेज लागत नाही. तो मुळातच आंबट, म्हणून लिंबू निम्मं पुरतं. पण त्याच्या रसात सुक्रोज जास्त असतो, तेव्हा सुरुवातीला झाकण ठेवून अर्धा तास मंद उकळायचं, साखर फुटू द्यायची, आणि मग झाकण काढून आटवायला घ्यायचं. 750 ग्रॅम साखर आणि 1,250 ग्रॅमचा काटा तसाच राहतो, फक्त रसातली साखर 12 टक्के आहे ना ते बघून घ्यायचं. त्यासाठी काकूंच्या मुलाने रसातली साखर मोजणारा हाताचा रिफ्रॅक्टोमीटर मागवलाय. पिळून उरलेला बोंडांचा चोथा सध्या माडांच्या आळ्यांत जातो.